एकवीस माणसं आणि एक कोतवाल

ऑगस्ट १७९१ च्या अखेरीस पुण्यात एका अरुंद खोलीत माणसं कोंडली गेली आणि त्यातली बरीचशी गुदमरून मेली. आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण बहुतेक ठिकाणी कोंडलेले ३४ आणि मेलेले २१ असा हिशेब सापडतो. ही माणसं तेलंग ब्राह्मण होती. श्रावणातली दक्षिणा घ्यायला पुण्याला आली होती. कोंडणारा होता शहराचा कोतवाल, घाशीराम सावळदास. ३१ ऑगस्टला लोकांनी त्यालाही दगडांनी ठेचून मारलं.

ही हकीकत बहुतेक मराठी माणसांना माहीत असते, पण इतिहासाच्या पुस्तकातून नव्हे. ती माहीत असते विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकामुळे. पन्नास वर्षं त्या नाटकावर वाद झाले. नाना फडणवीस असे होते का, ब्राह्मणांची बदनामी झाली का, इतिहासाचा विपर्यास झाला का, यावर ढीगभर कागद खर्ची पडला. मात्र मुळात जे घडलं त्याला आजच्या भाषेत ‘कोठडीतला मृत्यू’ म्हणतात, आणि त्या अंगाने या प्रकरणाकडे फार थोड्यांनी पाहिलं. या टिपणात तेवढंच करायचं आहे. कोठडीतला मृत्यू जेव्हा नाटकात, चित्रात, सिनेमात येतो तेव्हा आपल्या लक्षात कोण राहतं? मेलेला, मारणारा, की ज्या व्यवस्थेमुळे ते घडलं ती व्यवस्था? आणि त्यातून पुढे काही सुधारतं का?

पुण्याच्या गोष्टीत हैदराबादकराने का पडावं, असं कुणी विचारेल. त्याला दोन कारणं आहेत. पहिलं असं, की घाशीराम हा औरंगाबादचा गौड ब्राह्मण, म्हणजे निजामाच्या मुलखातला. मेलेले तर तेलुगु मुलखातले. कोंडणारा आणि कोंडलेले, दोघंही पुण्याला परके. दुसरं कारण ‘कोतवाल’ या शब्दाचं आहे. मराठीत हा शब्द घाशीरामाने कायमचा डागाळला. आमच्या शहरात मात्र तो मानाचा होता. निजामाच्या राज्यात शहर पोलिसांचा प्रमुख विसाव्या शतकातही कोतवालच म्हणवला जाई, आणि १९२० च्या दशकातले कोतवाल राजा बहादूर वेंकटराम रेड्डी यांचं नाव जुने हैदराबादी अजून आदराने घेतात. एकच हुद्दा, दोन शहरांत दोन वास. तेव्हा दोष शब्दात नाही, हुद्द्यातही नाही. मग तो कशात आहे?

त्या श्रावणात काय झालं

दक्षिणेची प्रथा मूळची तळेगावच्या दाभाड्यांची. पुढे ती पेशव्यांनी चालवली आणि वाढवली. श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात देशोदेशीचे ब्राह्मण जमत. काशीपासून रामेश्वरपर्यंतचे लोक येत, त्यांत तेलंग आणि द्रविडही पुष्कळ. हजारोंची गर्दी शहरात काही आठवडे राहायची आणि मग पांगायची. ती सांभाळायची जबाबदारी कोतवालाची.

१७९१ चा श्रावण सरत आला होता. परतीच्या वाटेवरची ही तेलंग मंडळी शहराच्या पूर्वेला, घाशीरामाने बांधलेल्या तळ्याजवळ उतरली होती. तिथल्या त्याच्याच बागेतून काही तोडण्यावरून माळ्याशी तंटा झाला, असं सांगितलं जातं. बागवाल्याने तक्रार केली. बागेचा मालक आणि शहराचा कोतवाल एकच. म्हणजे फिर्यादी तोच, पकडणारा तोच, कोंडणाराही तोच. माणसं धरून आणली आणि लहानशा जागेत कोंडली. पुढे मानाजी फाकड्याने कुलूप तोडून उरलेल्यांना बाहेर काढलं आणि बातमी वर पोचवली, अशी हकीकत आहे.

गादीवर सवाई माधवराव. वय सतरा. कारभार नाना फडणवीसांच्या हाती. रामशास्त्री प्रभुणे दोन वर्षांपूर्वी, १७८९ मध्ये, वारले होते. शहरात असलेले बाकीचे तेलंग ब्राह्मण खवळून उठले आणि त्यांनी देहदंडाची मागणी केली. आधी सारवासारव झाली. मग जमाव हटेना तेव्हा घाशीरामाला त्यांच्या स्वाधीन करण्यात आलं. त्याची धिंड काढली आणि दगडांनी मारलं. त्या वेळी पुण्यात असलेल्या चार्ल्स मॅलेट या इंग्रज वकिलामार्फत ही बातमी इंग्रजांपर्यंतही गेली.

खोलीचा हिशेब

मी पेशाने यंत्र अभियंता. तीस वर्षं बॉयलर, हवा, दाब आणि अपघातांचे अहवाल यांत गेली. त्यामुळे कोणतीही दुर्घटना वाचली की मन आधी मापं शोधतं. एक साधा हिशेब करून पाहू. खोली दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच होती असं धरू. हे माप माझं मानलेलं आहे, पण हिशेबाची जात त्याने बदलत नाही.

अशा खोलीत ९०० घनफूट, म्हणजे जवळजवळ २५ घनमीटर हवा मावते. माणूस नुसता बसून असला तरी मिनिटाला पाव लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. ३४ माणसांचा मिनिटाला साडेआठ लिटर, तासाला सुमारे ५०० लिटर. म्हणजे दर तासाला खोलीतल्या हवेत या वायूचं प्रमाण अंदाजे दोन टक्क्यांनी चढतं. आठ ते दहा टक्क्यांवर माणूस बेशुद्ध पडू लागतो. म्हणजे चार ते पाच तास. दाराच्या फटीतून थोडी हवा येत असेल तर त्याहून जास्त. शिवाय प्रत्येक शरीर साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतं. ३४ माणसं म्हणजे बंद खोलीत तीन मोठे हीटर पेटवून ठेवल्यासारखं. ऑगस्टची दमट हवा, घाम वाळायला जागा नाही.

हा हिशेब मी हौसेपोटी मांडलेला नाही. त्यातून एक गोष्ट कळते, ती कोणत्याही बखरीत लिहिलेली नसते. हे मृत्यू क्षणात झालेले नाहीत. तलवारीचा घाव पडतो आणि संपतं, तसं इथे नाही. इथे कित्येक तास होते. त्या तासांत माणसं ओरडली असणार, दार बडवलं असणार. दाराबाहेर पहारा असणार, कारण पहाऱ्याशिवाय कोठडी नसते. पहारेकऱ्याला ऐकू येत होतं आणि कुलूप उघडायचा अधिकार त्याला नव्हता, किंवा उघडलं तर आपलं काय होईल याची भीती होती. घाशीराम त्या वेळी कदाचित झोपला असेल. त्याने ‘मारा’ असा हुकूम दिला होता की नव्हता, हा प्रश्न मग दुय्यम ठरतो. कोंडलेल्या माणसाची हवा, पाणी, औषध, सगळं कोंडणाऱ्याच्या हातात असतं. त्याने काहीच न करणं हीसुद्धा एक कृतीच होते.

आजही कोठडीतल्या बहुतेक मृत्यूंच्या चौकशीत खरा प्रश्न हाच असतो. ‘कुणी मारलं’ याइतकंच ‘मधल्या तासांत कोण काय करत होतं’ हे महत्त्वाचं.

कोतवालीची रचना

घाशीराम १७७७ पासून १७९१ पर्यंत, म्हणजे चौदा वर्षं पुण्याचा कोतवाल होता. एवढा काळ नुसता दुष्टपणावर टिकता येत नाही. कामाचा माणूस असल्याशिवाय नानांनी त्याला ठेवला नसता. रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरायची बंदी. सापडेल त्याला सकाळपर्यंत चावडीत बसवायचं. परदेशी पाहुण्यांनाही शहराच्या बंदोबस्ताचं कौतुक वाटे.

पण कोतवालाच्या हाती काय काय होतं ते पाहा. गस्त आणि पकडधकड त्याची. किरकोळ गुन्ह्यांचा निवाडाही त्याचा. दंडही तोच बसवणार. आणि दंडाचा पैसा सरकारजमा होणार. म्हणजे जितके गुन्हेगार तितकं उत्पन्न, आणि जितकं उत्पन्न तितका कोतवाल वरच्यांच्या मर्जीतला. यंत्राच्या भाषेत सांगायचं तर दाब वाढवणारा झडपा सगळ्या चालू, आणि दाब सोडणारी एकही नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेला बॉयलर कुणाच्याही हाती दिला तरी एक दिवस फुटणारच. त्याला चालवणारा दुष्टच असावा लागत नाही.

ही गोष्ट फक्त पेशवाईची नाही. कंपनी सरकारच्या मद्रास इलाख्यात छळाची इतकी ओरड झाली की १८५४ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८५५ चा. त्या इलाख्यात तेलुगु जिल्हे मोठ्या प्रमाणात होते. शेतसारा वसूल करायला बोटं किट्टीत चिमटणं, उन्हात उभं करणं, वाकवून बांधून ठेवणं, असले प्रकार त्यात नोंदले आहेत. मुद्दा असा, की वसूल गोळा करणारा आणि पोलीस हे त्या व्यवस्थेत एकाच हाताची दोन बोटं होती. अहवालानंतर १८५९ मध्ये मद्रासला पोलिसांचा वेगळा कायदा झाला आणि १८६१ मध्ये हिंदुस्थानचा पोलीस कायदा आला. पुढे १८७२ च्या पुरावा कायद्यात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध चालणार नाही, असं कलम २५ आलं. ज्या सरकारचे पोलीस, त्याच सरकारने त्यांच्यापुढच्या कबुलीवर कायद्यातच अविश्वास लिहून ठेवला. तो नियम आजच्या नव्या कायद्यातही कायम आहे.

घाशीरामानंतर पुण्यात असं काही झालं का? दगड मारून लोक घरी गेले. कोतवाली राहिली, तिचे अधिकार राहिले, कुलपं राहिली. माणूस बदलला, रचना तशीच. सूड आणि सुधारणा यांतला फरक मला या प्रकरणाइतका स्वच्छ दुसरीकडे दिसलेला नाही.

नाटकात काय आलं, काय राहिलं

या घटनेवरचं पहिलं प्रसिद्ध मराठी पुस्तक तेंडुलकरांचं नाही. मोरोबा कान्होबा विजयकर यांनी १८६३ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ याच नावाने पुस्तक लिहिलं होतं. त्यात घाशीराम हे एक निमित्त आहे. लेखकाचं लक्ष त्या काळच्या समाजाची टिंगल करण्याकडे आहे.

तेंडुलकरांचं नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात आलं. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यं कृष्णदेव मुळगुंद, नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे. १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबवलं. कलाकार बाहेर पडले, १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन झाली, आणि जानेवारी १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू झाले. १९८० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर जातानाही वाद कोर्टापर्यंत गेला. हे नाटक ऐतिहासिक नाही, अशा प्रकारचे घाशीराम विशिष्ट परिस्थितीतून कुठेही आणि केव्हाही तयार होतात, अशी लेखकाची भूमिका होती.

नाटक ज्यांनी पाहिलं त्यांना त्यातली माणसांची भिंत आठवत असेल. रंगमंचावर एका ओळीत उभे राहिलेले ब्राह्मण. तीच मंडळी कीर्तनात गातात, नाचतात, आणि गरज पडली की पाठ फिरवून भिंत होतात. भिंतीमागे काय चाललंय ते प्रेक्षकाला अर्धवट दिसतं. माझ्या मते कोठडीबद्दलचं मराठी रंगभूमीवरचं सगळ्यात मोठं विधान ही भिंत आहे. कोठडीची भिंत विटांची असते हे खरं, पण ती टिकते पाठ फिरवणाऱ्या माणसांमुळे. वरच्या हिशेबातले ते चार-पाच तास आठवा. ते याच भिंतीमुळे मिळाले.

दुसरा प्रसंग दिव्याचा. चोरीचा आळ आलेल्या एका ब्राह्मणाला घाशीराम तापलेल्या लोखंडी गोळ्याचं दिव्य करायला लावतो. तो न केलेला गुन्हा कबूल करतो. दिव्य हा त्या काळच्या न्यायपद्धतीचा मान्य भाग होता, घाशीरामाचा शोध नव्हे. वेदनेतून सत्य बाहेर येतं ही समजूत दिव्यामागेही आहे आणि थर्ड डिग्रीमागेही. कलम २५ ज्या समजुतीच्या विरोधात उभं आहे, ती समजूत नाटकात पाच मिनिटांत उघडी पडते.

मग राहिलं काय? मेलेली माणसं. नाटकात ते ब्राह्मण गुदमरतात ते घाशीरामाच्या अंताचं निमित्त म्हणून. आपण घाशीरामाला ओळखतो, त्याच्या मुलीला ओळखतो, नानांना तर ओळखतोच. कोंडलेल्यांपैकी कुणालाही ओळखत नाही. ते कुठून आले, त्यांच्या घरी कोण वाट पाहत होतं, हे प्रश्नच उठत नाहीत. हा तेंडुलकरांचा दोष म्हणून मी सांगत नाही. त्यांना सत्ता माणसाला कशी वापरते आणि फेकते ते दाखवायचं होतं, आणि ते त्यांनी दाखवलं. पण मराठी कलेची ही जुनी सवय आहे. न्यायाबद्दल बोलायचं तर आपण एक मोठा माणूस शोधतो. चांगला असेल तर रामशास्त्री, ज्यांच्यावर प्रभातने १९४४ मध्ये चित्रपट काढला. वाईट असेल तर घाशीराम. निःस्पृह न्यायाधीश मिळाला की न्याय मिळाला, दुष्ट कोतवाल मेला की अन्याय संपला. मधली व्यवस्था आपल्या कथांत पात्र म्हणून येतच नाही.

मिलानमधलं एक चित्र

त्याच १९७२ सालात इटलीत काय चाललं होतं ते पाहण्यासारखं आहे. डिसेंबर १९६९ मध्ये मिलानच्या एका बँकेत बॉम्बस्फोट झाला. पोलिसांनी बऱ्याच लोकांना धरलं, त्यांत ज्युसेप्पे पिनेल्ली हा रेल्वे कामगार होता. १५ डिसेंबरच्या रात्री चौकशी चालू असताना तो पोलीस मुख्यालयाच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडून मेला. आधी सांगण्यात आलं, आत्महत्या. पुढे स्फोटाशी त्याचा संबंध नव्हता हे स्पष्ट झालं. १९७५ मध्ये चौकशी न्यायाधीशाने खून नाही आणि आत्महत्याही नाही, शरीराचा तोल जाऊन तो पडला, असा निष्कर्ष दिला.

दारिओ फो या नाटककाराने १९७० मध्ये यावर प्रहसन लिहिलं. एक वेडा माणूस पोलीस ठाण्यात न्यायाधीशाचं सोंग घेतो आणि पोलिसांना त्यांचीच जबानी पुन्हा पुन्हा सांगायला लावतो. प्रत्येक वेळी नवी विसंगती निघते. प्रेक्षक हसतात, पण हसता हसता तपासाचे कागद वाचायला शिकतात. वेळ किती वाजता, खिडकी उघडी का, खोलीत किती माणसं. कोणताही अपघात अहवाल असाच तपासावा लागतो.

एन्रिको बाय या चित्रकाराने याच मृत्यूवर बारा मीटर लांबीचं चित्र केलं. मधोमध पडणारा माणूस, एका बाजूला पोलीस आणि दुसऱ्या बाजूला त्याचे सोबती. आणि पुढे त्याची बायको आणि दोन मुली. ते मिलानच्या राजवाड्यात १७ मे १९७२ रोजी लोकांसाठी खुलं व्हायचं होतं. त्याच सकाळी लुईजी कालाब्रेझी या पोलीस अधिकाऱ्याचा रस्त्यात गोळ्या घालून खून झाला. पिनेल्लीच्या मृत्यूबद्दल लोक त्याच्याकडे बोट दाखवत होते, पण तो पडला तेव्हा कालाब्रेझी त्या खोलीत नव्हता असं पुढे चौकशीत निघालं. प्रदर्शन रद्द झालं. ते चित्र त्या राजवाड्यात लागायला २०१२ साल उजाडलं.

३१ ऑगस्ट १७९१ आणि १७ मे १९७२ या दोन तारखा मी वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवल्या आहेत. कोठडीतल्या मृत्यूचा जाब विचारायची वाट बंद झाली की दगड किंवा गोळी पुढे येते. आणि ती आली की जाब विचारायचा राहूनच जातो, कारण आता चर्चा दुसऱ्या प्रेताची होते. फरक एवढाच की बायच्या चित्रात बायको आणि मुली आहेत. त्यामुळे चाळीस वर्षांनी ते लागलं तेव्हाही प्रश्न शिल्लक होता.

आमच्या शहरातली एक रात्र आणि कायद्याची वाट

हैदराबादच्या जुन्या मराठी वस्त्यांना १९७८ चा मार्च आठवतो. काचीगुडा, बरकतपुरापासून नल्लकुंटा किती लांब? चालत जाण्याएवढं. तिथल्या पोलीस ठाण्यात एका गरीब स्त्रीवर बलात्कार झाला आणि जाब विचारणाऱ्या तिच्या नवऱ्याला, एका रिक्षावाल्याला, इतकं मारलं की तो मेला. लोकांनी प्रेत ठाण्यासमोर नेलं. शहर पेटलं, गोळीबार झाला, संचारबंदी लागली. न्यायमूर्ती मुक्तदर यांच्या आयोगाने पोलिसांना दोषी धरलं. खटला मात्र रायचूरला हलवला गेला आणि १९८१ मध्ये आरोपी सुटले. तिथेही गर्दी जमली होती, पण या वेळी कुणाला जमावाच्या स्वाधीन केलं गेलं नाही. ही प्रगतीच म्हणायची. फक्त तिच्या पुढची पायरी, म्हणजे कोर्टात गुन्हा शाबीत होणं, तेवढी राहून गेली.

त्या काळानंतर कायदा हळूहळू सरकला. त्याला ढकललं ते पत्रांनी. ओडिशातल्या एका आईने मुलाच्या कोठडीतल्या मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. १९९३ मध्ये निकाल लागला आणि सरकारने भरपाई देणं हे बंधन ठरलं. त्याच वर्षी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने कोठडीतला प्रत्येक मृत्यू २४ तासांत कळवण्याचा आदेश काढला. पश्चिम बंगालमधल्या डी. के. बसू यांनी १९८६ मध्ये पाठवलेल्या पत्राचा निकाल १८ डिसेंबर १९९६ ला लागला. त्यात अटकेबाबत ११ नियम आले. २००५ च्या दुरुस्तीने कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करणं सक्तीचं झालं. २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आदेश झाला.

आता हे नियम त्या १७९१ च्या रात्रीवर ठेवून पाहा. पकडणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी हवी. अटकेचा कागद वेळेसह हवा, त्यावर साक्षीदाराची सही हवी. नातेवाइकाला किंवा ओळखीच्याला कळवायला हवं. शहरात शेकडो तेलंग ब्राह्मण होते, त्यांना त्याच संध्याकाळी कळलं असतं तर? अंगावरच्या जखमा लिहून ठेवायला हव्यात, ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हवी. २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायला हवं, आणि तो दंडाधिकारी बागेचा मालक नसावा. यातला एकही नियम घाशीरामाचा स्वभाव बदलत नाही. प्रत्येक नियम फक्त भिंतीला एक छिद्र पाडतो. कोठडीला हवा लागते ती अशा छिद्रांतूनच.

आणि तरीही मृत्यू थांबलेले नाहीत. आयोगाकडे अलीकडच्या वर्षांत पोलीस कोठडीतल्या मृत्यूंची नोंद वर्षाला शंभर किंवा त्याहून जास्त आहे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अजून मान्यता दिलेली नाही. नियम कागदावर आहेत, आणि भिंतीतली माणसं अजून पाठ फिरवून उभी आहेत.

इथेच कलेचं काम सुरू होतं असं मला वाटतं. कायदा छिद्र पाडतो, पण त्यातून डोकावायची सवय लोकांना कुणी लावायची? २०२१ चा ‘जय भीम’ हा तामिळ चित्रपट तेलुगु आवाजातही आला आणि आमच्याकडे घराघरांत पाहिला गेला. १९९३ मधल्या खऱ्या प्रकरणावर तो आधारलेला आहे. त्यात वकील नायक असला तरी कथा चालते ती नवऱ्याला शोधणाऱ्या बायकोच्या पायांनी. ठाण्याचं रजिस्टर, फोनची नोंद, खोटा पळून गेल्याचा बनाव, हे सगळं ती आणि वकील एकेक करून उलगडतात. चित्रपट पाहून उठलेल्या माणसाला ‘हेबियस कॉर्पस’ म्हणजे काय ते कळलेलं असतं. कोठडीवरच्या कलाकृतीकडून मी एवढी अपेक्षा ठेवतो. राग तर येतोच, त्यासोबत कुठला कागद मागायचा हेही कळावं.

‘घाशीराम’ने आपल्याला भिंत दाखवली. अर्धशतक उलटलं तरी ते नाटक जिवंत आहे ते त्यामुळे. आता भिंतीपलीकडच्या त्या २१ जणांकडे पाहायला हवं. मी आजवर वाचलेल्या हकिकतींत, गॅझेटियरपासून नाटकापर्यंत, घाशीरामाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, त्याचं मूळ गाव, सगळं सापडतं. मेलेल्यांपैकी एकाचंही नाव मी वाचलेलं नाही. दक्षिणेच्या याद्या ठेवल्या जात होत्या. तेलंगण आणि आंध्रातल्या जुन्या वैदिक घराण्यांत पुण्याला दक्षिणेसाठी जाऊन न परतलेल्या पूर्वजाची आठवण असू शकते. आमच्या मंडळात तेलुगु वाचणारे सभासद आहेत, तसेच मोडी वाचणारेही आहेत. दोन्ही वाचणारी माणसं एका टेबलाशी बसणारं शहर हैदराबादसारखं क्वचितच असेल.

तेव्हा वाचकांना विनंती. कुणाच्या घरी दक्षिणेच्या प्रवासाचे जुने कागद, तीर्थोपाध्यायांच्या वह्या किंवा १७९१ च्या सुमाराचा पुण्याशी झालेला पत्रव्यवहार असेल, तर त्याची छायाचित्रं मंडळाकडे पाठवावीत. वाचून द्यायचं काम आम्ही करू. एका जरी माणसाचं नाव सापडलं तर या टिपणाचा पुढचा भाग त्या नावाने सुरू करता येईल.